स्थळाचा फोटो

माझं काम फोटो आणि व्हिडिओ तपासण्याचं. चोरीचं सीसीटीव्ही, भांडणाचं मोबाइलवरचं शूटिंग, बेवारस मृतदेहांचे फोटो, पोलीस जे पाठवतील ते मी बुलढाण्यातल्या माझ्या खोलीत बसून बघतो आणि अहवाल लिहितो. लोकांना वाटतं, मी बटण दाबलं की पडद्यावर हिरवी चौकट येते आणि गुन्हेगार सापडतो. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस कानाच्या पाळ्या मोजण्यात जातो. चेहरा सुजतो, सुकतो, ओळखू येईनासा होतो. कान त्या मानानं टिकतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एक पाकीट आलं. उंद्रीच्या बाजूला रस्त्यालगत एका बाईचं प्रेत सापडलं होतं. अंगावर जखम नाही. उन्हानं गेली, असं डॉक्टरांनी लिहिलेलं. दोन दिवस तशीच पडून राहिल्यानं चेहऱ्याची ओळख उरली नव्हती, पण डाव्या कानाखालून मानेवर उतरलेला कोडाचा पांढरा डाग दिसत होता. सोबत वडनेर भोलजीहून हरवलेल्या एका मुलीचा फोटो होता. ही तीच का, एवढंच मला सांगायचं होतं.

मुलीचा फोटो हातात घेतला. तिच्या मागचा निळा पडदा मी ओळखत होतो. शिकत असताना मी ज्या स्टुडिओत काम करायचो, तिथलाच तो. स्थळांना पाठवायचे फोटो कॉम्प्युटरवर ‘साफ’ करणं हे तिथं माझं काम. तीळ, वांग, व्रण, सावळा रंग, सगळं पुसायचं. मुलीची आई शेजारी स्टुलावर बसून सांगायची, अजून थोडी गोरी करा. आम्ही कधी नाही म्हटलं नाही. उलट त्यात माझा हात चांगला बसला होता आणि मी त्यावर खूश होतो. या मुलीच्या मानेवर काही होतं का, हे मात्र काही केल्या आठवेना.

कान जुळत होता. पाळीचा आकार, वरची घडी, सगळंच. पण फोटोतली मान स्वच्छ होती, आणि त्या स्वच्छतेवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी पोलीस ठाण्याला सांगून घरच्यांना तिथंच बोलावलं. मुलीची आई आली, सोबत मुलीचा काका.

“मावशी, पोरीच्या मानेवर कोड होतं काय?”

आईनं दिराकडे पाहिलं. तोच बोलला, “आमच्या घरात कोणालेच कोड नाही साहेब. असं बोलू बी नका. धाकटीले पाहुणे येऊन राह्यले.”

“मावशी, तुम्ही सांगा.”

“नव्हतं,” ती म्हणाली.

मी तिथं थांबायला नको होतं. तिला एकटीला बसवून, हा फोटो माझ्याच हाताखालून गेलाय हे कबूल करून पुन्हा विचारायला हवं होतं. पण मग तेच पोलिसांसमोरही कबूल करावं लागलं असतं, आणि मी तेव्हा नुकताच कोर्टात तज्ज्ञ म्हणून उभा राहू लागलो होतो. मी माझी अब्रू सांभाळली. अहवालात लिहिलं, जुळत नाही. ते दोन शब्द आठवले की आजही स्वतःची किळस येते.

दिवाळीनंतर ती आई एकटीच आली, एसटीतून उतरून पत्ता विचारत विचारत. खुर्ची दिली तरी बसली नाही.

“होतं भाऊ, कानाखाली होतं. फोटोत तुमी काढून टाकलं, म्हणून लग्न जमलं. मंग सासरच्या लोकाइनं पाह्यलं अन् वर्षाच्या आत आणून सोडली. पाच-सहा साल घरात तोंड लपवून राह्यली. एक दिवस भर दुपारची निंगून गेली.” मग म्हणाली, “मले एवढंच सांगा, तीच होती ना?”

“हो,” मी म्हणालो. वाटलं, ती रडेल. ती रडली नाही.

मी घाईघाईनं सांगू लागलो, अजून वेळ गेलेली नाही. डीएनए तपासणीसाठी एक हाड काढून ठेवलेलं असतं, फक्त कुणीतरी आपलं म्हणावं लागतं. मी नवा अहवाल लिहितो, तुमचं रक्त घेतील, तिला तिचं नाव मिळेल. तिनं हात जोडले.

“लिहू नका. धाकटीची तारीख निंगाली. बहिणीले कोड होतं हे समजलं तं तिलेबी आणून सोडतीन.”

तो दुसरा अहवाल मी आजतागायत लिहिलेला नाही. सरकारी कागदावर एक मुलगी हरवलेली आहे आणि एक बाई बेवारस आहे. कुठं पुरलं, असं तिनं विचारलं तेव्हा मी ठाण्याला फोन लावला. स्मशानाच्या कुंपणाशी, खूण काही ठेवलेली नाही, असं उत्तर आलं. ते मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

ती जायला निघाली आणि दारात थांबली.

“मी तुमाले त्याच दिवशी वळखलं होतं भाऊ. स्टुडिओतले तुमीच. तुमाले बी ठाऊक होतं.” आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “मी तं आई. मले धाकटीचं पाहा लागत होतं. तुमाले कोणाचं पाहा लागत होतं?”