ताईंचं अनुमोदन

गटार परत तुंबलंय. सकाळी दारात उभं राहवेना इतका वास सुटला आणि नगरपालिकेतली ती सभा आठवली.

बायकांच्या राखीव जागेवर मी निवडून आले होते. त्या दिवशी आमच्या गल्लीच्या गटाराचा विषय निघाला. नकाशात पाणी चढाकडं जाताना दाखवलं होतं. ते विचारावं म्हणून, शाळेत करायचे तसा, मी हात वर केला.

अध्यक्ष म्हणाले, "वा! ताईंचं अनुमोदन. विषय मंजूर!"

"न्हाय, मला इचारायचं हुतं..."

शेजारचे मेंबर म्हणाले, "चहा घ्या ताई, गार व्हायलाय."

सगळे हसले. मीही हसले. बोलावं लागलं नाही म्हणून तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. आज त्यांच्यापेक्षा माझ्या त्या हसण्याचीच जास्त किळस येते.