सालुदच्या डोळ्यांतलं पाणी

आमच्या वाडीत माणसाचं मन किती मोठं हे ठरवायची एकच रीत आहे. मयताच्या घरी त्याच्या डोळ्यांतून किती पाणी येतं ते बघायचं. तो बायकोला मारतो का, भावाची जमीन दाबून बसलाय का, असल्या चौकशा कुणी करत नाही. शवपेटीपाशी उभं राहून ओक्साबोक्शी रडला की झाला देवमाणूस. मी लामायला, म्हणजे मयत पुरण्याआधी त्याच्या घरी जी आठवडाभर बैठक चालते तिला, पत्ते खेळायला जातो आणि तसं उघड सांगतो. म्हणून मी दगड. शाळेत तीस वर्षं पोरांना शिकवलं ते कुणी मोजत नाही.

या हिशोबाने आलिंग सालुद, आलिंग म्हणजे आमच्याकडे मावशी, ही वाडीतली सगळ्यात थोर बाई होती. साठी उलटलेली, लग्न न केलेली, काटकुळी. कुणाच्याही घरी कुणी गेलं की जपमाळ घेऊन प्रार्थना सांगायला तिलाच बोलावणं. आणि तिचं कसं, की पहिल्या ओळीलाच डोळे भरायचे. दुसऱ्या ओळीला गालावर धार. बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या, “बघ, सख्ख्या सुनेच्या डोळ्याला पाणी नाही, आणि ही बघ!” घरची माणसं हरखायची. बिस्किटांचा डबा आधी तिच्यापुढे यायचा, कॉफीही पहिली तिलाच.

मी पत्त्यांच्या टेबलावर तिच्या बरोब्बर समोर बसायचो. मला एक गोष्ट केव्हाच दिसली होती. खोलीतला फिरता पंखा तिच्याकडे वळला की धार वाढायची आणि दुसरीकडे गेला की ओसरायची. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर कॅप्टनची बायको फणकारली, “मास्तर, तुमच्या जिभेला काही हाड?” हा कॅप्टन म्हणजे आमच्या वाडीचा निवडून आलेला पुढारी. त्याची बायको निवडून न येताच पुढारी आहे.

बाजारात मासे घेताना सालुदच्या डोळ्यांना पाणी यायचं. कॅप्टनच्या भाषणाला यायचं. बिंगोच्या सोडतीलाही यायचं. वाडीने प्रत्येक वेळचं कारण शोधून ठेवलं होतं. मुक्या जिवांचा कळवळा, गावावरची माया, हरलेल्यांबद्दल दया. इतकी अक्कल ही माणसं रस्ता दुरुस्त करायला कधी वापरत नाहीत.

सालुदही काही कमी नव्हती. रुमालाच्या टोकाने ती एकेक थेंब टिपायची, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, दिवसभर डोळ्यांत वाळू खुपल्यासारखं व्हायचं, प्रार्थनेच्या पुस्तकातली अक्षरं मधूनच पुसट व्हायची. पण हे ती फक्त पोल्दोला सांगायची. पोल्दो तिचा थोरला भाऊ, तिचा कुया. बायको गेल्यावर तो बहिणीजवळ राहायला आला होता, माझ्या भिंतीला भिंत लागून. तीनचाकी चालवायचा आणि कामापुरतं बोलायचा. आमच्या वाडीत हा दुर्मीळ गुण.

मग सालुदच्या वरच्या पापणीवर रांजणवाडी आली. चांगली वाटाण्याएवढी. आता आमच्याकडे रांजणवाडी येते ती एकाच कारणाने. चोरून कुणाला तरी अंघोळ करताना पाहिलं की.

“काय आलिंग सालुद, कुणाच्या न्हाणीत डोकावलात?” मासेवाला भर बाजारात ओरडला. “बघायचंच होतं तर जरा तरुण तरी निवडायचा!”

पुरिंग नावाची दुसरी एक प्रार्थना सांगणारी होती. सालुदच्या मागे बसून कित्येक वर्षं ती सालुदच्या खुर्चीकडे बघत होती. ती म्हणाली, “मी काही म्हणत नाही बाई. पण मरियामातेचं नाव घेणाऱ्या तोंडावर हे शोभत नाही.”

सोन्याची अंगठी चोळून झाली. शेजारणीने तान्ह्या बाळाच्या आईचं दूधही आणून डोळ्यात पिळलं. डोळा आणखी लाल झाला. शेवटी पोल्दोने तिला तीनचाकीत घातलं आणि शहरात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. मला चष्मा बदलायचा होता, मीही मागे बसलो.

डॉक्टरीण पोरसवदा होती. तिने सालुदची पापणी उलटून पाहिली, कड दाबली, आणि म्हणाली, “आजी, तुमचे डोळे कोरडे पडलेत.”

“कोरडे?” सालुद ताडकन उठली. “अगं पोरी, आठ वर्षांत माझा रुमाल वाळला नाही!”

“म्हणूनच. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. तुमच्या तुंबल्यात. एक तुंबून फुगली, तीच ही गाठ. तेल नसलं की डोळ्यावरचं पाणी टिकत नाही, उडून जातं. डोळा सुकतो, झोंबतो. झोंबला की धो धो पाणी येतं. पण ते नुसतं पाणी, त्याचा डोळ्याला काही उपयोग नाही.” तिने पापणी पुन्हा दाबली. तेलासारखं पातळ यायला हवं होतं, ते आलं टूथपेस्टसारखं घट्ट. “रोज सकाळ-संध्याकाळ गरम फडक्याने शेकायचं. ते वितळलं की कड हलकेच दाबायची, पुसून घ्यायची. हे थेंब घालायचे.”

“आणि बरं कधी होणार?” पोल्दोने विचारलं.

“एकदाचं बरं होत नाही, काका. दात घासतो ना, तसं रोज करत राहायचं.”

परतताना अर्ध्या वाटेत सालुदने रुमाल झटकला. मग म्हणाली, “काही उपयोग नाही म्हणे!” तिला आजार झोंबला नव्हता, हे झोंबलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ किटली दिसू लागली. पोल्दो फडकं बुडवायचा, पिळायचा, आधी स्वतःच्या डोळ्यावर लावून बघायचा आणि मग तिच्या डोळ्यांवर ठेवायचा. गार होऊ लागलं की दुसरं. हाताची कातडी लाल व्हायची त्याची.

“गरम आहे रे, कुया!”

“गरमच पाहिजे. भाजतंय का?”

“नाही.”

“मग गप. बोललीस की फडकं सरकतं.”

हे असं महिनोन् महिने. गाठ गेली, लाली गेली, सालुद सार्डिनच्या डब्यावरची बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचून दाखवायला लागली, मी न विचारता. आणि मग कॅप्टनची आई वारली.

सालुद खुर्चीत बसली, प्रार्थना सुरू झाली, पंखा तिच्याकडे वळला, आणि काही झालं नाही. पहिली ओळ, दुसरी ओळ, सगळी जपमाळ संपली. गाल कोरडे ठणठणीत. दुसऱ्या संध्याकाळी तेच. खोलीत कुजबुज सुरू झाली. शेवटी कॅप्टनची बायको पुढे आली.

“आमच्या सासूबाईंनी तुमचं काय वाकडं केलं होतं, आलिंग सालुद? एक थेंबसुद्धा नाही?”

सालुदने पुस्तक मिटलं. “तो आजार होता. माझ्या पापण्या तुंबल्या होत्या, आता मोकळ्या झाल्या. तुमच्यातल्या कुणासाठीही मी कधी रडले नव्हते. आणि तुमच्या सासूबाई मला दोनदाच भेटल्या, दोन्ही वेळा शिव्या देऊन गेल्या.”

पत्त्यांच्या टेबलावर आम्ही हसून लोळलो. पण वाडी हसली नाही. वाडीला वाटलं, आपल्याला आठ वर्षं लुबाडलं. जिने खरं सांगितलं ती ढोंगी ठरली, आणि खुर्ची मिळाली पुरिंगला. ती डोळ्यांखाली मेन्थॉलचा बाम चोळून यायची, पार दारापर्यंत वास यायचा. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पाणी येत होतं ना, मग झालं.

त्यानंतर किती मयतं झाली, सालुदला एकाही घरातून बोलावणं नाही. रस्त्यात बायका नजर चुकवायच्या. मग एक दिवस ओट्यावर किटली दिसेना. दुसऱ्या दिवशीही नाही. सालुद पोल्दोला सांगत होती की ती स्वतःच शेकते, आत, न्हाणीत. डोळे मात्र पुन्हा लाल दिसायला लागले होते. पोल्दोला ते कळलं त्या संध्याकाळचं बोलणं भिंतीतून मला स्पष्ट ऐकू आलं.

“शेकत नाहीयेस तू.”

“नाही शेकत. पाणी परत यायला हवं मला.”

“आणि डोळे गेले म्हणजे?”

“जाऊ देत. डोळे ठेवून काय करू? रडत होते तेव्हा निदान चार माणसं विचारत होती. आता मला कोण विचारतं?”

किटली उतरवल्याचा आवाज आला. मग पोल्दो म्हणाला, “मी विचारतो. चल बस. पाणी उकळलंय.”

ती बसली. माझ्यासारख्या माणसालाही त्या रात्रीचं जेवण गोड लागलं.

पावसाळ्याच्या तोंडावर, एका दुपारी, पोल्दो तीनचाकीची साखळी बसवायला वाकला आणि पुन्हा उठलाच नाही.

अख्खी वाडी लोटली. सालुदला टाकलं होतं तरी फुकटची कॉफी कुणी टाकत नाही. पुरिंग बाम लावून प्रार्थना सांगायला हजर. पहिले दोन दिवस सालुद कोपऱ्यात नुसती बसून होती, ठोकळ्यासारखी, आणि कॅप्टनची बायको सगळ्यांना भुवया उंचावून दाखवत होती. तिसऱ्या दुपारी सालुद उठली, शवपेटीपाशी गेली, काचेतून भावाच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचे हात छातीवर ठेवलेले होते. ती त्या हातांकडे बघायला लागली, आणि तिचा बांध फुटला.

आठ वर्षं मी तिचं पाणी बघितलं होतं, रडणं नव्हतं बघितलं. तेव्हा तोंड शांत असायचं, आवाज खणखणीत असायचा. आता ओठ वेडेवाकडे झाले, नाक वाहायला लागलं, अंग गदगदत होतं. रुमाल कमरेला खोचलेला तसाच राहिला. बघवत नव्हतं. माझ्या हातात चांगली पानं आली होती, ती मी उलटी ठेवली.

“अगं बाई, आजार उलटला!” कॅप्टनची बायको ओरडली. तिने सालुदला दंडाला धरून मागे ओढलं, कारण काचेवर थेंब पडला तर मेलेल्याची वाट जड होते. “तीन दिवस शेकलं नसेल हो. करणाराच गेला ना! तुमचे ते डोळ्यांत घालायचे थेंब कुठेत, आलिंग सालुद?”

“तरी मी म्हणतच होतो,” मासेवाला म्हणाला, “डॉक्टरची औषधं थांबवली की दुप्पट होतं.”

“तिला रडू द्या, मूर्खांनो,” मी म्हणालो. दगडाचं कोण ऐकतं?

सगळ्यांना एकदम तिची दया आली. खुर्ची आणली, पंखा बंद केला. पुरिंग तर काय, मोठ्या मनाने कॉफीच्या किटलीतलं पाणी ओतून फडकं भिजवून घेऊन आली. सालुदचं डोकं मागे टेकवून तिने ते तिच्या डोळ्यांवर ठेवलं. फडक्याखालून पाणी कानांपर्यंत ओघळत होतं.

“बरं वाटतंय ना?” पुरिंगने विचारलं.

“हे गरम नाही,” सालुद म्हणाली. “कुया याहून गरम करायचा.”

“हो का? थांब हं, आत्ता आणते,” असं म्हणून ती बिनडोक बाई फडकं घेऊन पुन्हा किटलीकडे पळाली.