जहाजाजवळ ओझोन कमी कसा?

मित्रांनो, आज सकाळपासून डोकं गरम आहे. माझं चुकलं का, ते तुम्हीच सांगा.

माझी गर्लफ्रेंड प्रतीक्षा निलंग्याची. सध्या उरणला, बंदराजवळची हवा मोजायच्या कामावर आहे. सकाळी तिनं कालच्या मोजणीचे, मशीनवरच्या आकड्यांचे दोन फोटो पाठवले. जहाजं लागतात त्या जेट्टीवर ओझोन कमी, अन् बंदरापासून लांबच्या गावात जास्त!

बीएस्सी मी अर्ध्यात सोडली, पण एवढं तर कळतं. जिथं धूर, तिथं ओझोनसारखी घाण जास्त पाहिजे. म्हणजे ही जेट्टीवर गेलीच नसणार. मुदखेड स्टेशनवर उभ्या उभ्या फोन लावला.

"खरं सांग, काल कुणासोबत फिरून राहिली होतीस?"

"सेकंड इयरला कॉलेज सोडलंस, म्हणून असं इचारून राहिलास," ती भडकली. "जहाजाचा ताजा धूर जवळचा ओझोन खाऊन टाकतो. मग तोच धूर वाऱ्यानं लांब जातो, त्याला ऊन लागलं की तिकडं नवा ओझोन तयार होतो. पटत न्हाई तर तुझ्या सरांना इचार!"

मी पण हट्टाला पेटलो. नांदेडला जाऊन केमिस्ट्रीच्या सरांना गाठलं. सर लई हसले.

"पोरीचं बरोबर आहे. तू कॉलेज का सोडलंस रे?"

मान खाली घालून बाहेर आलो. सॉरी लिहायला मोबाईल काढला, तर जेट्टीचा फोटो समोर. नीट बघितलं. मशीनशेजारी चहाचे दोन कप आहेत.

आता आधी सॉरी म्हणू, का दुसरा कप कुणाचा ते विचारू?