कोरडा टॉवेल

पहिल्यांदा एकटीनं विमान उडवून उतरले, तेव्हा हँगरपाशी पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. खालापूरजवळच्या आमच्या फ्लाइंग स्कूलची ही रीत. पहिलं एकट्याचं उड्डाण झालं, की त्या शिकाऊ पायलटला सगळे मिळून नखशिखांत भिजवतात. आधी एका मुलावर मीही बादली ओतली होती.

मी डोळे मिटून उभी राहिले. हसत.

पाणी आलं नाही. शिकवणारे सर म्हणाले, "उभी काय राहिलीस? पाणी भरलंय, विमान धुऊन टाक. तुम्हा वाडीवरच्यांना सवय असते."

कुणीतरी फिसकन हसलं. बाकीचे मोबाइलमध्ये बघू लागले.

मी धुतलं. पंख, चाकं, काचेवर चिकटलेले किडे.

मी घरी पोचले, तेव्हा आई कर्जतच्या फार्महाऊसवर भांडी घासून आमच्या आदिवासी वाडीवर परतली होती. सकाळी तिनंच माझ्या पिशवीत टॉवेल घातला होता. तो तिनं चाचपला. "कोरडाच हाय गं. तुज्यावर पानी नाय वतलं?"

"नळ गेला होता," मी म्हटलं.

आता मी एका कारखानदाराचं छोटं विमान चालवते. लायसन मिळालं म्हणजे सुटलं, असं नसतं. ठरल्या मुदतीनं त्याच फ्लाइंग स्कूलमध्ये जाऊन पुन्हा उडवायची तपासणी द्यायची. त्यात गैर काही नाही. शिकलेलं विसरणारा पायलट माणसं मारतो. पण दर वेळी तेच सर. आणि उतरल्यावर तीच बादली. दर वेळी मी धुतलं. सही त्यांच्या हातात, सहीवर माझी नोकरी.

परवा त्यांनी हवेत इंजिन मंद केलं. "बंद पडलं समज. कुठं उतरशील?"

मी पडीक माळ दाखवला, विमान तिकडे वळवलं.

"रान बरं ओळखता तुम्ही लोक."

मी विमान पुन्हा वर घेतलं, धावपट्टीवर नीट उतरवलं. खाली येताच त्यांनी बादलीकडे बोट केलं.

"नाही, सर."

"मग सही?"

"उडवताना काय चुकलं, ते सांगा."

ते निघून गेले. सही झाली नाही. मी दुसरा परीक्षक मागितला आहे. तोवर घरी बसून आहे. मालक किती दिवस थांबेल, ठाऊक नाही.

टॉवेल कोरडा का होता, ते काल आईला सांगितलं. तिनं भांडी घासणाऱ्या आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "आता धुवायचं नाय."

उडवायची परीक्षा हवी तितक्या वेळा देईन. बादलीला हात लावणार नाही.