अंमळ जास्त वेगाची मेमरी

लाकडी कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात तो नकाशे काढायचा. तिथे सगळे त्याला ‘अंमळ’ म्हणत. फळी किती जाड घ्यायची? अंमळ जाड. चहा कसा झालाय? अंमळ गोड. साहेब चिडलेत का? अंमळ. इतक्या वर्षांत त्याने कुठे रांग मोडली नाही की तो कुणाला उलटून बोलला नाही. हेल्मेट घातल्याशिवाय तो कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा जात नसे.

अशा माणसाने आयुष्यात एकच बंड केलं होतं. घरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर त्याने कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा थोडा पुढे दामटला होता. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे तो पाहुण्यांना आवाज खाली आणून सांगायचा, कॉलेजातलं प्रेमप्रकरण सांगावं तसं. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. त्याला वाटायचं, हबकले.

कारखान्याची कामं तो संध्याकाळी घरीही करायचा. पण नकाशे मोठे झाले आणि कॉम्प्युटर दम खाऊ लागला. एखादं कपाट पडद्यावर फिरवून मागची बाजू पाहायची, तर तेवढ्यात भाजी चिरून व्हायची. मेमरी कमी पडते आहे, हे उघड होतं. दुसरा कुणी दुकानात जाऊन दुप्पट मेमरी घेऊन आला असता. पण आपला कॉम्प्युटर चारचौघांसारखा नाही, तेव्हा त्याला चालेल अशी मेमरी पारखूनच घ्यायला हवी, असं त्याने ठरवलं.

पारख सुरू झाली. वेग किती, प्रतिसादाला वेळ किती, चिप कुणाच्या बनावटीची, उष्णता घालवायला वर धातूचं कवच आहे की नाही. इंटरनेटवर अनोळखी लोक या प्रश्नांवर एकमेकांचे वाडवडील काढत होते. तो सगळं वाचायचा आणि जो शेवटचा बोलेल त्याचं त्याला पटायचं.

त्याची बायको दातांच्या दवाखान्यात रुग्णांच्या वेळा सांभाळायची. ताटावर बसल्यावरही नवऱ्याची नजर फोनवर, हे तिने बरेच दिवस सोसलं.

“अहो, मेमरी घ्यायचीय की सून बघायचीय?”

“अगं, एकदा घेतली की बदलता येत नाही.”

“सुनेचं तरी वेगळं काय असतं?”

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ आला. हा पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा आणि उरलेल्या सर्व विषयांतला जाणकार होता. त्याने सोफ्यावर मांडी ठोकली.

“दाजी, सरळ लाइटवाली घ्या. वेग सगळ्यात जास्त असतो.”

“लाइटचा आणि वेगाचा काय संबंध?”

“कंपनी साध्या मालाला लाइट लावेल का?”

शेवटचं मेव्हणा बोलला होता, तेव्हा दाजींना ते पटलं. दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेले. दुकानदाराने फोनवर बोलता बोलताच विचारलं, “जास्त जागेची देऊ की जास्त वेगाची?” तेवढ्या पैशांत एकच मिळणार होतं.

“वेगाची,” मेव्हणा म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर कळलं, की मेमरीचं कवच फारच उंच आहे. वर कंगोरे होते, एखाद्या कोंबड्याच्या तुऱ्यासारखे. प्रोसेसरच्या पंख्याला ते टेकत होते. पंखा वर सरकवला, तर डब्याचं दार लागेना. शेवटी कॉम्प्युटर उघडाच ठेवायचं ठरलं. आत लाल, निळे, जांभळे दिवे पळू लागले. बायको दारात उभी राहून बघत होती.

“सलून उघडलंत का?” ती म्हणाली, आणि धूळ बसू नये म्हणून भरतकामाचा एक रुमाल आणून दिला.

खोक्यावर छापलेला वेग आपोआप मिळत नाही, तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. तो त्याने केला. कॉम्प्युटर सुरू झाला, पडद्यावर कपाट उघडलं, आणि कपाटासकट सगळं बंद पडलं. पुन्हा तेच. पुढे पळवलेला प्रोसेसर आणि पुढे पळणारी मेमरी यांचं एका घरात जमेना. दोघांपैकी एकाला आवरायला हवं होतं.

त्या रविवारी त्याने प्रोसेसर मूळ वेगावर आणला. दुपारी आमटीत मीठ नव्हतं, तरी त्याने ती दोनदा वाढून घेतली. बायको घाबरली.

“झालंय काय?”

“काही नाही. आता आपला कॉम्प्युटर सगळ्यांसारखा झाला.”

ती हसणार होती, पण त्याचा चेहरा बघून थांबली. “आणि कपाट? ते तरी फिरतंय का भराभर?”

कपाट बंद पडत नव्हतं, पण रखडत होतंच. मेमरी वेगवान होती, पण जागा पुरत नव्हती. मोठा नकाशा तिच्यात मावत नसे, आणि उरलेला डिस्कवर ठेवून पुन्हा पुन्हा आणावा लागे.

“म्हणजे पातेलं लहान आणि गॅस मोठा,” ती म्हणाली. “हे दिवे माझ्या भावाच्या गळ्यात मारा. त्यानेच पसंत केलेत. तुम्ही मोठं पातेलं आणा. आणि ते तुमचं काय असतं, ते परत वाढवा. घरात कुणाला त्रास नव्हता त्याचा.”

मेव्हण्याने दिवे आनंदाने नेले. त्याचा कॉम्प्युटर फक्त पत्ते खेळण्यापुरता होता. आता पत्ते जांभळ्या उजेडात पडू लागले. इकडे बिनकवचाची, हिरव्या पट्टीची, दिसायला अगदी गरीब अशी दुप्पट मेमरी आली. पंखा खाली बसला, दार लागलं, प्रोसेसर पुन्हा थोडा पुढे पळाला आणि एकदाही कोलमडला नाही. कपाट बोटाबरोबर गरकन फिरलं. त्याने ते उगाचच चार-पाच वेळा फिरवून बघितलं, आणि बायकोलाही बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “छान आहे. आतून खण अजून एक हवा होता.”

नकाशे वेळेआधी पोहोचू लागले, तेव्हा साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, मनापासून कौतुक केलं आणि दुसऱ्या शाखेचे नकाशेही त्याच्याकडे सोपवले.