मागच्या सीटवर तिघं

टेपताईच्या गळ्यात कायम मोजायची टेप. दुकानात जाऊ दे, बँकेत जाऊ दे, टेप आहेच. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "मी तुम्हाला तपासू, की तुम्ही माझं माप घेताय?" घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि दोरीवर लटकलेले अर्धवट कोट. कुणीही दारात आलं की ती आधी त्याचे खांदे बघते, मग चेहरा. टेपताई हे नाव गल्लीनं दिलंय, आणि ते इतकं चिकटलंय की कधीकधी नवराही त्याच नावानं हाक मारतो.

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला. माणूस शांत, विनोदी, आणि गाड्यांच्या बाबतीत साफ अडाणी. त्यांची जुनी गाडी चिमुकली होती. थोरली एकटी होती तोवर ती पुरली. मग जुळे भाऊ आले आणि सगळं गणितच फिसकटलं. मागच्या सीटवर लहान मुलांना पट्ट्यानं बांधून बसवायच्या दोनच खुर्च्या मावत. तिसरी कितीही दामटली तरी आत जायला तयार नाही. आणि खुर्चीशिवाय मूल गाडीत बसवायचं नाही, यावर टेपताई ठाम.

त्यामुळे कुठंही जायचं झालं की जुळे गाडीत आणि पाच वर्षांची थोरली वरच्या मजल्यावर आजीकडे. सुरुवातीला ती भोकाड पसरायची. नंतर रडायची थांबली, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. टेपताईला मात्र वाटलं नाही. एका सकाळी तिनं नवऱ्याला नुसतं म्हटलं, "रविवारी जरा बाहेर जाऊ या का?" तर थोरली उठली, आपली बाहुली आणि रंगांची पेटी पिशवीत भरू लागली. "आजीला सांगून येते," म्हणाली. तक्रार नाही, रुसवा नाही. पाहुणीसारखी आवराआवर.

टेपताईनं हातातला कोट खाली ठेवला. "अहो, गाडी बदलायची. तिघंही एका गाडीत. नाहीतर मी यापुढे कुठं येणार नाही."

नवीन मोठी गाडी आवाक्याबाहेर होती. तेव्हा दोघं जुन्या गाड्यांच्या आवारात गेले. गाडीवाले काका पांढऱ्या मिशांचे, बोलायला गोड.

"ही बघा ताई. पाच माणसं ऐसपैस."

"माणसं नकोत, मुलं सांगा. खुर्च्यांसकट."

"मुलं तर काय, कुठंही मावतात!"

"तुमची मावत असतील काका. माझी हातपाय पसरून बसतात."

आणि तिनं गळ्यातली टेप काढली. एकेका गाडीचं मागचं दार उघडायचं, आत वाकायचं, मोजायचं, मान हलवायची, पुढे. नवरा ओशाळून लांब उभा राहिला, जणू ओळखच नाही. काका बघतच राहिले. "ताई, गाडीला सदरा शिवताय का?"

"माप बसलं तर तोही शिवीन."

शेवटी एक राखाडी गाडी तिच्या मापात बसली. रंग उडालेला, एका दाराला पोचा, पण इंजिन ठणठणीत. त्यांना परवडणारीही ती एकच. टेपताईनं दोनदा मोजलं, घरी जाऊन तिन्ही खुर्च्या मोजल्या, आणि व्यवहार ठरला. काकांनी आधीच बजावलं होतं, "एकदा ठरलं की ठरलं हं. माघार नाही." इकडे जुन्या गाडीलाही गिऱ्हाईक मिळालं, ती गेलीसुद्धा.

गाडी घ्यायच्या दिवशी सगळं बिऱ्हाड रिक्षानं आवारात पोचलं. कडेवर जुळे, पायाशी खुर्च्या, आणि थोरली नव्या बुटांत. टेपताईनं ऐटीत पहिल्या जुळ्याची खुर्ची खिडकीशी बसवली. शेजारी दुसऱ्याची. मग थोरलीची.

ती अडली. ढकललं, तिरकी केली, खांदा लावला. दार काही लागेना.

"मापात चूक?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"माझ्या? मापात?" तिनं टेप पुन्हा सीटवर टेकवली. मधला उंचवटा, बाजूचे खोलगट भाग, सगळ्यांवरून टेप छान चोपून बसवली. "बघा. बरोब्बर आहे."

नवरा टक लावून बघत होता. मग त्याला हसू फुटलं. "अगं, तू अंगावरून माप घेतलंस! सीट म्हणजे काय छाती आहे, चढउतारावरून टेप फिरवायला? ती ताणून सरळ धर."

तिनं सरळ धरली. चांगला चार बोटांचा फरक. वीस वर्षं माणसांची मापं घेतलेल्या हातानं गाडीचंही माप माणसासारखंच घेतलं होतं. टेपताईनं कपाळाला हात लावला. काका मिशीतल्या मिशीत हसत होते. आणि मागून थोरलीचा समजूतदार आवाज आला, "असू दे आई. मी राहते आजीकडे."

टेपताई ताडकन वळली. "तू कुठंही राहत नाहीस," ती म्हणाली. "जरा उभी राहा. मला बघू दे."

ती बघत राहिली, कापड कमी पडलं की टेबलावर बघते तशी. जुळ्यांच्या खुर्च्या पाठमोऱ्या, बाळांची तोंडं मागच्या काचेकडे. त्या खुर्च्यांचे डोक्याशी असलेले रुंद कान गाडीच्या पुढच्या बाजूला. थोरलीची खुर्ची सरळ, तिचे रुंद कान मागे, पाठीला लागून. आणि आपण दोन पाठमोऱ्या शेजारीशेजारी ठेवल्यात. कान कानाला भिडणारच.

"घेराचा झगा बेतताना काय करतात?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत?" नवरा म्हणाला.

"एक तुकडा सुलटा, शेजारचा उलटा. रुंद बाजू निमुळत्या बाजूला. नाहीतर कापड पुरत नाही. काढा सगळ्या बाहेर!"

जुळे दोन्ही खिडक्यांशी, थोरली मध्ये. तिसरी खुर्ची अंग चोरून आत सरकली. टेपताईनं प्रत्येक खुर्ची धरून हिसडली. हलली नाही. पट्ट्याच्या खाचेत हात जातो का पाहिलं. जेमतेम, पण गेला. मग दार लावलं. खट्!

"ताई," काका म्हणाले, "उद्यापासून इथं कामाला या."

"आधी तुमचा कोट सैल करून देते काका, बटण तुटायला आलंय."

थोरली मध्ये बसली. नवख्या घरी मुक्कामाला गेलेल्या माणसासारखं तिनं इकडेतिकडे पाहिलं. दोन्ही बाजूंनी दोन टकली डोकी तिच्याकडेच तोंड करून. एकानं तिची बाही धरली, दुसरा तिच्याकडे बघून खिदळला. थोरलीचा सगळा समजूतदारपणा क्षणात गळून पडला.

"आई! हा ओढतोय! बाबा, त्याला सांगा ना! आणि हा लाळ गाळतोय माझ्यावर!"

इतक्या दिवसांनी ती तक्रार करत होती. टेपताई पुढच्या सीटवर बसून ते ऐकत राहिली, मागे वळलीसुद्धा नाही.

नवऱ्यानं गाडी सुरू केली. "बरं, जायचं कुठं?"

हे कुणी ठरवलंच नव्हतं.

"लांब!" मागून हुकूम आला. "खूप लांब. आणि बाबा, सावकाश चालवा हं, आमच्यात लहान मुलं आहेत."