ती अशी नाय

दोन्ही हात पाठीमागे बांधून ते म्हातारे काका काउंटरवर वाकायचे, ट्रेमधला प्रत्येक दागिना नीट बघायचे आणि मान हलवून म्हणायचे, "बरा हाय गो बाय, पण ती अशी नाय."

म्हणजे दागिना चांगला आहे, पण बायकोसारखा नाही. मग मी विचारायचे, "बरं, मग त्या कशा आहेत?" यावर ते वर छताकडे बघायचे, खाली फरशीकडे बघायचे, आणि शेवटी "ताच तर" म्हणून स्टुलावर बसायचे.

मी रत्नागिरीतल्या एका सराफी शोरूममध्ये हिऱ्यांच्या काउंटरवर आहे. आहे म्हणजे उभी आहे. बसायचं नाही असा एक नियम आणि हसत राहायचं असा दुसरा. संध्याकाळपर्यंत पाय आणि गाल सारखेच दुखतात. तुम्ही कधी अशा दुकानात गेला असाल, तर समोरची बाई गोड हसून "मॅडम, हे तुमच्यावर फार खुलून दिसतंय" म्हणाली असेल. ती मी. त्या वाक्यावर फार विश्वास ठेवू नका, दुपारनंतर ते तोंडातून आपोआप येतं.

एकदा मुंबईहून एक प्रशिक्षक बाई आल्या होत्या. दागिना विकायचा नाही, गिऱ्हाइकाची स्टाइल ओळखायची, असं त्यांनी आम्हाला शिकवलं. चेहरा गोल की लांबट, दागिना रोज घालणार की समारंभाला, साधं आवडतं की भरगच्च, केस कसे बांधता, साड्यांचे रंग कुठले. आम्ही प्रश्न पाठ केले. गिऱ्हाइकं उत्तरं देता देता किमतीची चिठ्ठी उलटून बघतात आणि मग त्यांना काय आवडतं ते त्यांचं त्यांनाच कळतं. हे प्रश्न खरोखर मनावर घेणारं एकच गिऱ्हाईक मला भेटलं, ते हे.

शिमग्यानंतरच्या उन्हात ते पहिल्यांदा आले. वेळणेश्वरच्या बाजूचं गाव. तिकडून एसटीने तवसाळ, फेरीबोटीतून खाडी ओलांडून जयगड, मग पुन्हा एसटी. सगळी उमर मालवाहू बोटींवर इंजिनात गेलेली, सगळे समुद्र बघून झालेले, आणि त्या एवढ्याशा फेरीबोटीत त्यांना मळमळायचं. आल्या आल्या पाणी मागायचे आणि म्हणायचे, "कोणाला सांगू नको हां."

मी सांगायची गरजच नव्हती. इंजिनाच्या आवाजाने कान जड झाले होते, त्यामुळे ते स्वतःच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. शोरूममध्ये माणसं उगाच हळू आवाजात बोलतात. त्या कुजबुजीत यांचा आवाज घुमला, "बायकोसाठी कानातला पायजे! हिऱ्याचा! पण कोणाला कळता कामा नये!" पार मंगळसूत्रांच्या काउंटरपर्यंत माणसं वळून बघायला लागली.

मी पाठ केलेला पहिला प्रश्न विचारला. चेहरा कसा आहे, गोल की लांबट?

"तोंड व्हय?" ते विचारात पडले. "तोंड... असता तसा हाय."

आम्ही पोरींनी हसू दाबलं. फोटो आहे का विचारलं, तर त्यांनी मोबाइल काढून दिला. त्यात एका बाईची पाठ होती. पुढच्या फोटोतही पाठ. त्याच्या पुढच्यात चेहऱ्यासमोर धरलेला हात. "फोटो काढतोय कळला की वळते," ते म्हणाले, आणि बोलता बोलता स्वतःच जरा ओशाळले.

वयस्कर बायकांसाठी आमच्याकडे ठरलेली वस्तू असते, सात हिऱ्यांची कुडी. ती काढून दाखवली की काम होतं. यांना दाखवली तर तेच, बरा हाय, पण ती अशी नाय.

"काका, मग तुम्ही त्यांनाच घेऊन या ना," मी म्हटलं. खरं सांगते, वैतागूनच म्हटलं.

"विचारून आणायला ता काय वाणसामान हाय?" ते म्हणाले. मग स्टूल पुढे ओढून त्यांनी मला सगळं सांगितलं, म्हणजे पर्यायाने सगळ्या शोरूमला. सुट्टीवर येताना दर वेळी ते बायकोसाठी काहीतरी आणत. नायलॉनच्या साड्या, अत्तराच्या बाटल्या, सोनेरी पट्ट्याची घड्याळं, काचेच्या पेटीतली बाहुली. निवृत्त होऊन कायमचे घरी आले आणि एकदा माळ्यावर कौलं बघायला चढले, तर तिथल्या ट्रंकेत ते सगळंच्या सगळं तसंच. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. खाली उतरून त्यांनी बायकोला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती तुमची आवड. माझी कुठं होती त्यात?"

"रागान बोलली असती तर बरा," ते म्हणाले. "साधी बोलली गो. भाजीत मीठ कमी हाय म्हणावा तशी. आता एक वस्तू तरी तिची आणायची हाय. तिची म्हणजे तिची. मी नि ती हायोत तवर."

त्या दिवशी ते काही न घेता गेले. माझी अर्धी दुपार त्यांच्यावर गेली होती आणि विक्री शून्य. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून वेळेचं महत्त्व समजावलं.

काही दिवसांनी काचेचं दार ढकलता ढकलताच आरोळी आली, "गोल! गोल हाय तोंड! नि हितं तीळ हाय!" डाव्या कानाच्या पाळीखाली बोट टेकवून ते उभे होते. दारावरचा वॉचमनसुद्धा हसला. "तीळ मला ठावच नव्हता," काउंटरपाशी येऊन ते म्हणाले, त्यांच्या मानाने हळू.

मग ते येत राहिले. येताना प्रत्येक वेळी बायकोबद्दल काहीतरी नवीन घेऊन यायचे. विहिरीवर वाकते, तेव्हा लोंबतं काही नको. उजव्या कुशीवर झोपते, तेव्हा फिरकी टोचता कामा नये. उन्हात निघाली की पदर कानावरून घेते, त्यात अडकणारं नको. लाल रंग अंगावर घालत नाही. गोड खात नाही. या शेवटच्याचा कानातल्याशी काय संबंध, असं मी विचारलं. "तुझा नसंल, पण मला कळला ना," ते म्हणाले. एकदा शेजारच्या काउंटरवर लग्नाच्या खरेदीची मंडळी बसलेली असताना त्यांनी जाहीर केलं, "रात्री घोरते! नाय म्हणते, पण घोरते!" नवरीमुलीला ठसका लागला.

मी थकलेली असायचे. पायांच्या शिरा तटतटलेल्या, समोर ट्रे काढा, ट्रे ठेवा. पण ते आले की मला बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं. एका संध्याकाळी मी घरी गेले आणि कानांवर हात ठेवून नवऱ्याला विचारलं, माझ्या कानात काय आहे सांग. तो मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "कानात ना? असतं ते." मी हात काढले. त्याच्यावर रागावले नाही. त्याच्या घड्याळाचा पट्टा कुठल्या रंगाचा आहे, हे मला तरी कुठे आठवत होतं!

पावसाळा तोंडावर आला. खाडीला उधाण, फेरीबोट कधी सुटेल भरवसा नाही. अशात एक दिवस ते आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाय, ते सगळे उलटे करून दाखव."

"उलटे म्हणजे?"

"मागची बाजू."

मग कळलं. बायको कुठलीही वस्तू घेताना आधी मागची बाजू बघते. साडी घेतली तर उलट बाजूची वीण, भांडं घेतलं तर त्याचं बूड, शेजारणीने विणलेला रुमाल दाखवला तर आधी त्याच्या मागच्या गाठी. समोरून सगळेच नटवतात, असं तिचं म्हणणं. इतके दिवस ते समोरून बघत होते आणि म्हणून पटत नव्हतं.

मी एकेक जोडी उलटी करून मखमलीवर ठेवत गेले. तुम्हाला म्हणून सांगते, मीही तोवर त्या नीट उलट्या करून पाहिल्या नव्हत्या. पुढून लखलखणाऱ्या कितीतरी मागून ओबडधोबड होत्या. शेवटी एका जोडीपाशी ते थांबले आणि पहिल्यांदाच पाठीमागचे हात सोडून त्यांनी दागिना हातात घेतला. बारीक हिऱ्यांचं चपटं फूल, जेमतेम चिंचोक्याएवढं. मागे प्रत्येक खड्याला सोन्याचं नीट गोल कोंदण, फिरकी गुळगुळीत. पण पुढून डोळ्यांत भरेल असं काहीच नाही. आमच्या ट्रेमध्ये ते कोपऱ्यात पडून असायचं.

"काका, हे अगदीच बारीक आहे. त्यापेक्षा हे मोठं फूल बघा, फार खुलून दिसेल," मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं.

"तुला खुलंल. ह्या तिचा हाय," ते म्हणाले.

त्यांनी डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, वरून हात दाबला आणि पाऊस वाढायच्या आत निघाले. त्यानंतर आले नाहीत. आम्ही पोरी अधूनमधून एकमेकींना विचारायचो, काकूंना आवडलं असेल का गं? मग गणपतीची गर्दी सुरू झाली आणि कोणाला काही विचारायचं त्राण उरलं नाही.

गणपती गेल्यावर एका दुपारी एक बाई काउंटरपाशी येऊन उभी राहिली. गोल चेहरा, करड्या रंगाची सुती साडी, गळा मोकळा. कानात ती बारीक फुलं होती. डाव्या पाळीखाली तीळ. मी काही बोलण्याआधीच गळ्याकडे बघून मला कळलं.

"आमचे हे हितं यायचे ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "मला सांगायचे, पेन्शनच्या कामाला जातोय. डबीवर दुकानाचा नाव व्हता, म्हणून आले. श्रावणात गेले ते. झोपेतच."

कानातलं आवडलं का, असंच काहीतरी मी विचारलं.

"दिलानी तेव्हा मी काय बोललेच नाय," त्या म्हणाल्या. "घातला नि भाकऱ्या थापायला बसले. सवयच नाय ना तसा बोलायची. पण काढला नाय कधी. जेवताना ते माझ्या कानाकडं बघायचे. मला कळायचा. दोन घास जास्ती वाढायची मी. आवडला म्हणून सांगायचा मात्र राहून गेला."

मग काउंटरच्या काचेवर हात टेकून म्हणाल्या, "हितं येऊन काय करायचे ते?"

"तुमच्याबद्दल बोलायचे," मी म्हटलं.

"माझ्याबद्दल काय?"

मी सांगितलं. विहिरीवर वाकता ते, पदर कानावरून घेता ते, उजव्या कुशीवर झोपता ते. मागची बाजू बघता ते. तीळ सापडला तेव्हा दारातूनच ओरडले ते. त्या सगळं मान खाली घालून ऐकत होत्या. घोरण्याचं सांगितलं तेव्हा "इश्श्य" म्हणाल्या आणि पदराने तोंड झाकलं. तुम्ही गोड खात नाही असं म्हणायचे, असं सांगितल्यावर मात्र त्यांनी मान वर केली. "आवडता गो मला गोड. त्यांची साखर वाढली नि मी घरात करायचा बंद केला. त्यांच्यासमोर कसा खाऊ?" आणि मग पहिल्यांदा त्यांचे डोळे भरले.

मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मॅनेजरसाहेब लांबून माझ्याकडे बघत होते. माझे पाय भरून आले होते आणि मला रडूही येत होतं.

"आणखी काय म्हणायचे?" त्यांनी विचारलं.

मी आठवून बघितलं. माझ्याकडचं सगळं सांगून झालं होतं, आणि खोटं एक अक्षरही रचावंसं वाटेना. "एवढंच," मी म्हटलं.

त्यांनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि काचेवरचा हात तसाच ठेवून म्हणाल्या, "मग पयल्यापासून सांगा."